ताओ-विचार आणि पाश्चात्यांचें आधुनिक जीवन

(नभोवाणीवरील भाषण)



सन १९६८ च्या जानेवारी महिन्यांत मुंबईस एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत एक इंग्रज तरुण आपल्याकडील वादकांचा मेळा जमवून बसला होता. सरोद, बांसरी, पखवाज, पेटी अशीं वाद्यें जमलीं होतीं. कंपनीच्या कचेऱ्या त्याच इमारतींत असल्यामुळें सायंकाळीं साडेपांच वाजतां कारकून मंडळी घरीं निघाली कीं जिन्यावरील पावलांचा आवाज यंत्रांत उतरूं लागे आणि काम थांबवावें लागे, असें त्या तरुणानेंच पुढें सांगितलें आहे. हा तरुण म्हणजे बीटल्स या जगप्रसिद्ध गायकसंघांतील जॉर्ज हॅरिसन. मुंबईस सिद्ध झालेली ती चाल घेऊन तो लंडनला गेला, तेथें तिच्यावर शब्द चढविले गेले, आणि मार्च महिन्यांत एका ध्वनिमुद्रिकेच्या मागील बाजूस तें गाणें बाहेर पडलें. त्याचें नांव ‘दि इनर लाइट’, म्हणजे अंतरींचा प्रकाश.

सूर आपले, गळा इंग्रजाचा; मग शब्द कोणाचे? आपणांस वाटेल, गीतेंतले किंवा उपनिषदांतले असतील. तसें नाहीं. ते चीनमधील लाओत्से या प्राचीन ज्ञात्याच्या नांवावर असलेल्या ‘ताओ-ते-चिंग’ या ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणावरून घेतलेले आहेत. मौज अशी कीं, ते हॅरिसनला सुचविणारे गृहस्थ चिनी विद्येचे नव्हते, तर केंब्रिज येथील एक संस्कृतज्ञ होते. हुआन मास्कारो त्यांचें नांव. मूळचे स्पेनमधील माजोर्का बेटाचे. गीतेचें व उपनिषदांचें इंग्रजी भाषांतर केलेले हेच ते मास्कारो. त्यांनीं आपल्या एका संग्रहांत घेतलेला तो उतारा हॅरिसनला पत्रानें कळविला आणि याला चाल लावून पाहा असें सुचविलें.

त्या प्रकरणाचा भाव थोडक्यांत असा कीं, सत्य जाणण्यासाठीं उंबरा ओलांडण्याचें कारण नाहीं; दूरदूर भटकल्यानें जाणीव वाढते असें नाहीं, उलट तिला ओहोटी लागते. आतां हा विचार गाण्यांत उतरविण्यासाठीं किती वाट चालावी लागली तें पाहा! चीनमधून तो युरोपांत गेला, तेथून केंब्रिजला, केंब्रिजहून लंडनला, लंडनहून सूर शोधीत मुंबईस, आणि पुन्हा लंडनला. घराबाहेर पडूं नका असें सांगणाऱ्या शब्दांनीं पृथ्वीला अर्धा वळसा घातला.

या वाटचालीविषयींच आज मला बोलावयाचें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर शाळेंत मुलांना मराठी शिकविलेला माणूस. चिनी भाषेचें मला अक्षरहि येत नाहीं. तेव्हां ताओचें तत्त्वज्ञान उलगडून सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु एक विचार परक्या मुलखांत जातो तेव्हां त्याचें काय होतें, काय टिकतें आणि काय गळून पडतें, हा प्रश्न शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा आहे. कारण वर्गांतहि नित्य तेंच घडत असतें.

प्रथम ग्रंथाविषयीं थोडेंसें. लाओत्से नांवाचा पुरुष झाला कीं नाहीं येथपासूनच वाद आहे. इ. स. पूर्वी शंभरच्या सुमारास स्स-मा च्येन या चिनी इतिहासकारानें त्याची हकीकत दिली आहे, ती अशी: चौ राजांच्या दफ्तरखान्याचा हा रखवालदार. राज्याला उतरती कळा लागलेली पाहून तो पश्चिमेकडे निघाला. सरहद्दीच्या खिंडींतील नाकेदारानें त्याला अडवून विनविलें कीं, महाराज, आपण जातां आहांच, तर आपलें ज्ञान लिहून ठेवून जा. म्हाताऱ्यानें पांचेक हजार अक्षरें लिहून त्याच्या हवालीं केलीं आणि तो गेला. कोठें, तें कोणासच कळलें नाहीं. आजचे बहुतेक पंडित मात्र हा ग्रंथ एका हातचा मानीत नाहींत. १९७३ सालीं हुनान प्रांतांत मावांगत्वै येथील थडग्यांत त्याच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सांपडल्या. तें थडगें इ. स. पूर्वी १६८ मध्यें बंद झालेलें. त्या प्रतींत ग्रंथाचा उत्तरार्ध आधीं आणि पूर्वार्ध मागाहून आहे. १९९३ सालीं हूपै प्रांतांत ग्वोत्येन येथें त्याहूनहि जुन्या, बांबूच्या पट्ट्यांवरील प्रती निघाल्या. एकंदर प्रकरणें ८१. पांच हजार अक्षरें म्हणजे किती, तर समर्थांच्या मनाच्या श्लोकांचीं अक्षरें साडेनऊ-दहा हजारांच्या घरांत भरतात. त्यांच्या जवळजवळ निम्मीं!

आतां ‘ताओ’ म्हणजे काय? शब्दशः पाहिलें तर वाट, मार्ग. परंतु या शब्दाच्या भाषांतराचें भांडण फार जुनें आहे आणि त्याचा आपल्याशीं खराखुरा संबंध आहे. पुलकेशीच्या काळीं आपल्या महाराष्ट्रांत येऊन गेलेला आणि येथील लोकांच्या मानी स्वभावाचें वर्णन करणारा चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग आपण शाळेंत वाचलेला आहे. तो स्वदेशीं परतल्यावर, सन ६४७ मध्यें, लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतांत उतरवून कामरूपच्या राजाकडे पाठवावा अशी आज्ञा चिनी बादशहानें केली. त्या कामीं ताओपंथी विद्वानांना त्याच्या जोडीस बसविलें. लागलाच खटका उडाला! ताओपंथी म्हणत, ‘ताओ’ला ‘बोधि’ हा शब्द योजा. ह्युएनत्संग म्हणे, छे, छे! ताओ म्हणजे मार्ग. ‘मार्ग’ हाच शब्द घातला पाहिजे. बौद्धांचा मोठा शब्द दुसऱ्याच्या देव्हाऱ्यांत बसविण्यास तो तयार नव्हता. त्या भाषांतराची प्रत आज कोठेंहि उपलब्ध नाहीं, पण भांडणाची नोंद चिनी ग्रंथांत राहिली आहे. मला हें भांडण फार बोधप्रद वाटतें. कारण पुढें हजारबाराशें वर्षांनीं युरोपांतील भाषांतरकारांनीं नेमकें तेंच केलें. कोणास ‘ताओ’मध्यें ख्रिस्ती धर्मांतील आदिशब्द दिसला, कोणास ग्रीकांची प्रज्ञा, कोणास निसर्ग, कोणास साक्षात् परमेश्वर. प्रत्येकानें आपल्या घरची मूर्ति त्या देव्हाऱ्यांत ठेवून पाहिली. आपणहि कांहीं कमी नाहीं. ‘हें तर आमच्या वेदान्तांत आधींच सांगितलें आहे’ असें म्हणून आपण पुस्तक मिटवितों, तेव्हां आपलेंहि तेंच चाललेलें असतें.

युरोपांत या ग्रंथाची वार्ता जेझुइट पाद्र्यांनीं नेली. १८४२ सालीं पॅरिसच्या स्तानिस्लास ज्यूल्याँ या पंडितानें त्याचें संपूर्ण फ्रेंच भाषांतर छापलें. इंग्रजींत जेम्स लेग यांचें भाषांतर १८९१ मध्यें मॅक्समुल्लरनें संपादिलेल्या ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या मालेंत निघालें. लेग हे मूळचे मिशनरी, पुढें ऑक्सफर्डला चिनी भाषेचे पहिले अध्यापक झाले. १८८९ सालीं हर्बर्ट जाइल्सनें च्वांगत्से या दुसऱ्या मोठ्या ताओ-लेखकाचें इंग्रजी भाषांतर काढलें. पुढच्याच वर्षीं ऑस्कर वाइल्डनें त्याचें परीक्षण लिहितांना उठल्यासुटल्या लोकोद्धार करणाऱ्या मंडळींना चांगलेच चिमटे काढले.

हा काळ ध्यानांत घ्या. गिरण्यांचे भोंगे, आगगाडीचीं वेळापत्रकें, तारायंत्रें, साम्राज्यें. अमुक करा, तमुक करा, अधिक करा, हा त्या युगाचा मंत्र होता. आणि नेमक्या त्याच वेळीं एक लहानसें पुस्तक येऊन म्हणतें कीं, थांबा. पुष्कळशा गोष्टी करणें सोडाल तर त्या आपोआप होतील. हें औषध ज्याला रोग असेल त्यालाच हवेंसें वाटणार.

टॉलस्टॉयला तें हवेंसें वाटलें. फ्रेंच व जर्मन भाषांतरांवरून त्यानें लाओत्सेचा अभ्यास केला होता, त्याचें रशियन भाषांतर करविण्याच्या खटपटींत तो वर्षेंच्या वर्षें होता. १८९३ सालीं एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकारानें पॅरिसच्या विद्यार्थ्यांपुढें व्याख्यान देऊन सांगितलें कीं, मुलांनो, विज्ञानावर भरंवसा ठेवा आणि काम करा. कामांतच तरणोपाय आहे. अशीं व्याख्यानें आपण सगळ्यांनीं ऐकलीं आहेत; मीं तर दिलींहि आहेत. टॉलस्टॉयनें त्याला उत्तर म्हणून एक निबंध लिहिला. त्याचें नांवच मुळीं ‘न करणें’. त्याचें म्हणणें असें कीं, कामाची एवढी आरती कशाला? सावकार काम करतो, तोफा ओतणारा काम करतो, जल्लादहि काम करतो. कामाची धुंदी ही अफूसारखी असूं शकते. ती माणसाला आपण काय करीत आहों हें पाहूं देत नाहीं. जगांतील दुःखें माणसें हवें तें करीत नाहींत म्हणून नाहींत, तर नको तें करतात म्हणून आहेत, हा विचार त्यानें लाओत्सेच्या आधारानें मांडला. आणि हें लिहिणारा मनुष्य आळशी होता काय? साठी उलटल्यावर शेतांत नांगर धरणारा, जोडे शिवणारा, नव्वद खंड भरतील एवढें लिहिणारा तो मनुष्य! ‘न करणें’ म्हणजे हातपाय पसरून बसणें नव्हे, हें त्याच्याकडे पाहूनच समजावें.

या ‘न करण्या’ला चिनी शब्द ‘वू-वेइ’. ताओ-विचारांतील जें कांहीं पश्चिमेंत खोलवर रुजलें त्यांत हा शब्द पहिला. गीतेंतील अकर्माची आठवण येथें होणारच; परंतु गीतेंत फळाच्या आसक्तीवर भर आहे, येथें जोर लावण्याच्या हट्टावर आहे. च्वांगत्सेनें एका खाटकाची गोष्ट सांगितली आहे. राजापुढें तो बैल सोलतो. सामान्य खाटकाची सुरी महिन्यांत बोथट होते, चांगल्याची वर्षांत; याची एकोणीस वर्षें झालीं तरी नुकती सहाणेवरून काढल्यासारखी. कारण तो हाडावर सुरी मारीतच नाहीं. सांध्यांत मुळांत जी पोकळी असते तिच्यांतून तो पातें फिरवितो. अवघड जागा आली कीं मात्र तो हात आवरतो, नजर खिळवितो, अगदीं हळू चालतो. ही गोष्ट आपल्याकडील कोणाहि जुन्या सुताराला सांगा, तो मान डोलावील. लांकडाच्या रेषेविरुद्ध रंधा मारूं नये हें त्यास ठाऊक असतें.

राज्यकारभारालाहि लाओत्सेनें हेंच लावलें आहे. मोठ्या राज्याच्या कारभारास त्यानें लहान मासा शिजविण्याची उपमा दिली आहे. १९८८ सालच्या जानेवारींत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीं काँग्रेसपुढील वार्षिक भाषणांत ती उपमा लाओत्सेचें नांव घेऊन वापरली. सरकारनें लोकांच्या व्यवहारांत फार हात घालूं नये, हा त्यांच्या पक्षाचा आवडता सिद्धान्त. त्याला चिनी ऋषीचा शिक्का मिळाला. पण त्याच लाओत्सेनें जड करांविषयींच नव्हे, शस्त्रें व युद्धें यांविषयींहि कडक शब्द लिहिले आहेत. ते मात्र त्या भाषणांत आले नाहींत. परक्या ग्रंथांतून सोयीचें तेवढें उचलावयाचें, हें राजकारणी पुरुषांचें सार्वत्रिक व्रत आहे.

ही माशाची उपमा कोंकणांत जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीं. तव्यावर मांदेली टाकली आणि सारखी उलथण्यानें हलविली, तर वाढण्याच्या वेळीं कांटे आणि चुरा एवढेंच राहतें. पण मला ती उपमा स्वयंपाकघरांत कळली नाहीं. आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. नदीला आलेल्या पुरावर त्यानें निबंध लिहिला. पुरांत त्यांची गाय गेली होती. वाक्यें वेडींवांकडीं, शुद्धलेखन तर विचारूंच नका. पण गोठ्यांतील दावें पाण्यावर तरंगत होतें असें एक वाक्य त्यांत होतें. मीं तांबड्या शाईनें वही रंगविली आणि पुन्हा लिहून आणावयास सांगितलें. त्यानें आणलें, मीं पुन्हा सुधारलें. तिसऱ्या खेपेस त्यानें जें आणलें त्यांत एकहि चूक नव्हती. तें एका छापील निबंधमालेंतून उतरलेलें होतें. दावें गेलें होतें, गाय गेली होती, पूर तेवढा राहिला होता. मीं त्याला दहांपैकीं सात गुण दिले. त्यानंतर त्या मुलानें वर्षभरांत आपल्या मनचें एक अक्षर माझ्या वहींत लिहिलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, सेवानिवृत्त झाल्यावर, लाओत्सेचें एक इंग्रजी भाषांतर हातीं आलें आणि त्यांत तो लहान मासा भेटला, तेव्हां मला ती वही आठवली. पुस्तक मीं खालीं ठेवलें आणि त्या दिवशीं पुढें वाचवलें नाहीं.

असो. आतां दुसरा एक विचार पाहूं, जो पश्चिमेंत पुस्तकांतून नव्हे तर विटाचुन्यांतून उतरला. अकराव्या प्रकरणांत चाकाचा तुंबा, मातीचें भांडें आणि घराची खोली हे तीन दाखले आहेत. तात्पर्य असें कीं, या वस्तूंत उपयोगाचा भाग म्हणजे जो नाहीं तो. रांजणाची माती नव्हे, आंतील पोकळी पाणी धरते. ओकाकुरा या जपानी लेखकानें १९०६ सालीं चहावर एक लहानसें इंग्रजी पुस्तक लिहिलें, त्यांत हा विचार दिला होता. (हे तेच ओकाकुरा, जे त्यापूर्वीं कलकत्त्यास येऊन राहिले होते आणि स्वामी विवेकानंद व ठाकुर कुटुंब यांच्या सहवासांत आले होते.) फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ गणला जाणारा गृहशिल्पी. शिकागोजवळ ओक पार्क येथें त्यानें १९०८ मध्यें ‘युनिटी टेंपल’ हें प्रार्थनामंदिर पुरें केलें. त्याच्या मतें इमारत म्हणजे भिंती व छप्पर नव्हे, तर माणूस ज्यांत वावरतो ती आंतील जागा. आणि हा शोध आपलाच, असा त्याचा समज. पुढें जपानी वकिलानें भेट दिलेलें ओकाकुराचें पुस्तक त्यानें उघडलें, तों हाच विचार अडीच हजार वर्षांपूर्वींच्या म्हाताऱ्याच्या नांवावर! वारा गेलेल्या शिडासारखी आपली अवस्था झाली, असें तो व्याख्यानांतून सांगत असे. मग त्यानें मनाची समजूत घातली कीं, लाओत्सेनें सांगितलें खरें, पण बांधलें तर मीं!

हें प्रामाणिक उदाहरण मला फार आवडतें. येथें ‘प्रभाव’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. राइटनें लाओत्सेपासून घेतलें नाहीं. त्याचें त्याला सुचलें होतें, लाओत्सेनें त्यास साक्ष दिली. पश्चिमेवरील ताओच्या पुष्कळशा प्रभावाची जात हीच आहे. नील्स बोर या डॅनिश पदार्थविज्ञानवेत्त्याला १९४७ सालीं राजाकडून मोठा सन्मान मिळाला, तेव्हां त्यानें आपल्या मानचिन्हावर यिन आणि यांग यांचें काळेंपांढरें वर्तुळ घातलें आणि विरोधी गोष्टी परस्परपूरक असतात अशा अर्थाचें लॅटिन वचन लिहिलें. परंतु त्याचा सिद्धान्त त्या वर्तुळांतून निघालेला नव्हे. सिद्धान्ताला चित्र हवें होतें, तें पूर्वेनें दिलें. १९७५ मध्यें फ्रिट्यॉफ काप्रा यानें ‘भौतिकशास्त्राचा ताओ’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून दोहोंची सांगड घातली. पुस्तक अतोनात खपलें. मला तें ओढूनताणून जुळविल्यासारखें वाटतें.

जर्मनींत ही वाट अधिक खोल गेली. रिखार्ड विल्हेल्म हा चीनमध्यें मिशनरी म्हणून गेलेला मनुष्य. १९११ मध्यें त्यानें लाओत्से आणि १९२४ मध्यें ‘ई-चिंग’ जर्मनींत आणला. ‘ई-चिंग’ हा वस्तुतः ताओपंथाहून जुना, कन्फ्यूशियसच्या अनुयायांनाहि पूज्य असलेला शकुनग्रंथ. पश्चिमेंत मात्र तो ताओच्याच गांठोड्यांतून शिरला. युंग या मानसशास्त्रज्ञानें विल्हेल्मच्या ग्रंथांना विवेचनें व प्रस्तावना लिहिल्या. आणि १९५१ मध्यें न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकारानें तीन नाणीं उडवून, ‘ई-चिंग’च्या कोष्टकावरून कोणता स्वर, किती वेळ, किती जोरानें हें ठरवून पियानोचें एक दीर्घ संगीत रचलें. तो ग्रंथ त्याला दिला होता त्याच्या एका सोळासतरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें, ज्याच्या वडिलांचें प्रकाशनगृह तो छापीत होतें. पुढल्या वर्षीं केजनें वादकाला पियानोपुढें चार मिनिटें तेहतीस सेकंद कांहींहि न वाजवितां बसविलें. सभागृहांत वारा, पाऊस, लोकांची कुजबूज जें ऐकूं येईल तें संगीत! आमच्या कानांना हें विनोदी वाटेल. पण मैफल सुरू होण्यापूर्वीं तंबोरे जुळले कीं एक क्षण जी शांतता पसरते, ती ज्यानें ऐकली आहे त्यानें फार हंसूं नये.

ब्रेख्त या जर्मन कवीची गोष्ट वेगळी. हिटलरच्या भयानें देश सोडून तो डेन्मार्कमध्यें राहिला होता. १९३८ सालीं त्यानें लाओत्सेच्या देशत्यागावर एक कविता रचली. तींत बैलावर बसलेला सत्तरीचा म्हातारा आहे, बैलाची दोरी धरणारा पोरगा आहे, आणि फाटक्या अंगरख्याचा नाकेदार आहे. म्हाताऱ्यानें काय शोधून काढलें, असें नाकेदार विचारतो. मऊ पाणी कालांतरानें कठीण दगडावर मात करतें, असें पोरगा सांगतो. ज्ञात्याकडून ज्ञान मागून घेणाऱ्या नाकेदाराचेहि आभार माना, असा त्या कवितेचा शेवट आहे. युद्ध सुरू झाल्यावर फ्रान्समध्यें निर्वासित जर्मनांना ज्या छावण्यांत डांबलें, तेथें ही कविता तोंडोतोंडीं पसरली, असें हाना आरेंट या विदुषीनें लिहून ठेवलें आहे. पाणी आणि दगड हा दृष्टान्त विद्वानांच्या खोलींत बसून वाचणें निराळें, आणि कांटेरी तारेच्या आंत बसून आठवणें निराळें. पश्चिमेंत लाओत्से खरोखर कामीं आला असेल तर तो अशा ठिकाणीं.

भाषांतरांतील चुकीनेंहि कधीं कधीं चांगलें घडतें. अर्सुला ल ग्विन ही अमेरिकन कादंबरीकर्ती. तिच्या वडिलांपाशीं लाओत्सेच्या ग्रंथाची १८९८ ची एक इंग्रजी आवृत्ति होती. ती वाचीत ती लहानाची मोठी झाली. १९७१ सालीं तिनें एका कादंबरीचें नांव लेगच्या भाषांतरांतील शब्दांवरून ‘स्वर्गाचें कातकामाचें यंत्र’ या अर्थाचें ठेविलें. ज्याचीं स्वप्नें प्रत्यक्षांत उतरतात असा एक साधा मनुष्य, आणि त्याच्या स्वप्नांच्या बळावर जग सुधारूं पाहणारा एक उत्साही वैद्य, अशी ती कथा. प्रत्येक सुधारणेंतून नवी आपत्ति निघते. वू-वेइचें याहून चांगलें भाष्य इंग्रजींत क्वचितच असेल. पुढें चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनीं तिला मोठ्या सौजन्यानें कळविलें कीं, त्या काळीं चीनमध्यें तसलें यंत्रच नव्हतें, भाषांतर चुकलें आहे! ल ग्विननें ही गोष्ट लपविली नाहीं. स्वतःच छापून टाकली.

१९६० नंतर मात्र पुस्तकांचा पूर आला. कॅलिफोर्नियांत ॲलन वॉट्सचीं व्याख्यानें, नंतर लहान मुलांच्या गोष्टींतील अस्वलाच्या तोंडून ताओ सांगणारें १९८२ चें एक पुस्तक, मग व्यापाऱ्यांसाठीं ताओ, खेळाडूंसाठीं ताओ. १९७५ मध्यें पुण्यास रजनीशांनीं लाओत्सेवर इंग्रजींत प्रवचनमाला दिली, ती ऐकणाऱ्यांतहि पाश्चात्य शिष्य पुष्कळ होते. १९८८ सालीं स्टीफन मिचेल यानें केलेली लाओत्सेची इंग्रजी आवृत्ति घरोघर गेली; मिचेलला चिनी येत नव्हतें. जें पुस्तक अधिक मिळविण्याच्या हव्यासाविरुद्ध लिहिलेलें, तेंच अधिक नफ्याची युक्ति म्हणून विकलें जावें, हें पाहून लाओत्से पुन्हा बैलावर बसला असता.

तरी त्या पुरांत एक गोष्ट उपयोगाची वाहून आली, ती म्हणजे ‘ताइची’. लंडनच्या, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या बागांतून सकाळीं म्हातारींकोतारीं माणसें संथपणें हात हालवीत उभीं असलेलीं दिसतात. ही मूळची युद्धविद्या. इतिहासकार तिचा उगम सतराव्या शतकांतील हनान प्रांतांतल्या चेन घराण्याच्या गांवीं दाखवितात, जरी लोककथा तो एका ताओ-सिद्धाकडे नेते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर हळूहळू न्यावयाचें, जोराला जोर न देतां वळवून द्यावयाचें, हें तिचें तंत्र ताओ-विचाराशीं जुळतें एवढें खरें. कंपवाताच्या, म्हणजे ज्याला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात त्या रोगाच्या, १९५ रोग्यांवर अमेरिकेंत ओरेगॉन येथें प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०१२ सालीं तेथील प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत आला. आठवड्यांतून दोनदां एक तास, असें चोवीस आठवडे. तोल सांभाळण्यांत ताइची करणारे रोगी हे वजनें उचलणाऱ्यांपेक्षां आणि अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षां सरस ठरले. माझ्या वयाच्या माणसाला न पडणें म्हणजे काय तें ठाऊक असतें. म्हणून ग्रंथांच्या खपापेक्षां हा आंकडा मला मोलाचा वाटतो.

राहतां राहिला एक मोठा विषय, आणि तो पाश्चात्यांनीं जवळजवळ गाळूनच टाकला आहे. चीनमध्यें ताओ हा केवळ विचार नाहीं, धर्म आहे. इ. स. १४२ मध्यें चांग ताओलिंग याला साक्षात्कार झाला आणि त्यानें संप्रदाय स्थापिला, असें त्याचे अनुयायी मानतात. त्याला देवळें आहेत, पुरोहित आहेत, देवता, उत्सव, मंत्र, उतारे, दीर्घायुष्याच्या साधना, सर्व कांहीं आहे. लेगच्या पिढीनें तें सारें भ्रष्ट आकार म्हणून बाजूला सारलें आणि दोन पुस्तकें तेवढीं शुद्ध म्हणून उचललीं. जणूं एखाद्यानें ज्ञानेश्वरी नेली आणि वारी, दिंडी, टाळ, अबीरबुक्का हें सारें अडाण्यांचें म्हणून येथेंच टाकून दिलें. ही चूक ज्यांनीं ओळखली त्यांत क्रिस्टोफर स्किपर हे डच पंडित अग्रगण्य. १९३४ सालीं जन्मलेले हे गृहस्थ तैवान बेटावरील ताइनान येथें जाऊन राहिले, तेथील पुरोहितांच्या हाताखालीं पोथ्या, गायन व विधि शिकले, आणि १९६८ सालीं त्यांनीं स्वतः ताओ-पुरोहिताची दीक्षा घेतली. हॅरिसनचें गाणें निघालें तें हेंच वर्ष. २०२१ मध्यें ते वारले. मिंग राजांच्या वेळीं, १४४५ सालीं, ताओपंथाचा जो ग्रंथसंग्रह छापला गेला त्यांत सुमारें पंधराशें ग्रंथ आहेत. त्या सगळ्यांचा परिचय करून देणारा तीन खंडांचा ग्रंथ स्किपर व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं पुरा केला. पश्चिमेकडील घरांतून फडताळावर जे आढळतात, ते त्या पंधराशेंपैकीं लाओत्से आणि च्वांगत्से हे दोन.